फोन घ्यायचा तर घराला एकच



स्मार्टफोन घ्यावा की नाही, असे गावोगाव विचारले जाते. आपण आधी हिशेब मांडू. साधासुधा घेतला तरी ८-१० हजार मोजावे लागतात. २०२५-२६ मध्ये लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता, संकरित ज्वारीचा ३,६९९. म्हणजे फोनापायी क्विंटलभर कापूस तरी गेला, नाहीतर दोन क्विंटलांहून जास्त ज्वारी. वर रिचार्ज वेगळा. नुसत्या ई-मेलसाठी एवढा पैसा घालू नये. अडत्याने आजवर कुणाला ई-मेल धाडला आहे?

पण २०२१ साली ई-पीक पाहणी आली. तलाठ्याने लिहायचा पेरा आता आपणच शेतात उभे राहून फोटोसह नोंदवायचा. २०२५ मध्ये सीसीआयने हमीभावाच्या खरेदीसाठी ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी करायला लावली. ती हुकली की खेडा खरेदीवाला म्हणेल तो भाव. सरकारने आपले काम आपल्या गळ्यात मारले, आणि त्याचे यंत्रही आपल्याच पैशाने! राग यावा असेच आहे हे. पण घरात आलेला कापूस थांबत नाही.

तेव्हा घ्या, पण घराला एकच, आणि सावकाराकडे न जाता. एका फोनवरून अनेक खातेदारांची पाहणी होते. भावकीत एक असला तरी भागते. ओटीपी बटणाच्या फोनवरही येतो, आधारला जोडलेला नंबर तेवढा बंद पडू देऊ नका. आणि सिम घ्याल ते बांधावर रेंज येते त्याच कंपनीचे.