फेरफाराची नोंद



मुंबईत करी रोडला शस्त्रांचे परवानाधारक विक्रेते, दुरुस्तीचं काम करणारे कारागीर, संग्राहक आणि नेमबाज यांची ही परिषद भरली आहे. तिचं अध्यक्षपद माझ्याकडे आहे. अध्यक्षानं व्यवसायाचा आढावा घ्यावा असा रिवाज आहे, तो थोडक्यात पाळतो. २०१९ च्या कायदादुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात. त्यामुळे आजोबा-पणजोबांच्या कितीतरी रायफली कपाटांतून बाहेर पडून बाजारात आल्या. परदेशी शस्त्रांची खासगी आयात १९८० च्या दशकातच बंद झाली. म्हणून जुन्या ब्रिटिश आणि जर्मन रायफलींचे भाव चढे आहेत. शिकारीला १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं आळा बसला, आणि ते योग्यच झालं. आज शिकारी रायफल घेणारा माणूस नेमबाजीसाठी घेतो, वारसा म्हणून घेतो किंवा संग्रहासाठी घेतो. इथे आढावा संपला. बाकीचा वेळ मी एकाच गोष्टीसाठी मागून घेतो. ती मला बरीच वर्षं छळते आहे.

जुन्या रायफलीत झालेला बदल आपण लपवतो. लपला नाही तर त्याला नाकं मुरडतो. पण तो लिहून मात्र क्वचितच कुणी ठेवतं.

सकाळच्या सत्रात दोन पक्षांचा वाद रंगला. संग्राहक म्हणाले, लाकूड बदललं, दुर्बिणीसाठी भोकं पाडली, नळी कापली, की रायफलीची किंमत निम्म्यावर आली. विक्रेते म्हणाले, नळीवर लंडनच्या बंदूक बनवणाऱ्या घराचं नाव आहे ना, मग गिऱ्हाईक पैसे मोजतं. दोन्ही पक्ष वरवर पाहतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्या देशातल्या शिकारी रायफलीचा इतिहासच मुळी बदलाचा आहे. इंग्रज सरकारला धास्ती होती की लष्कराच्या काडतुसांना चालेल अशी रायफल लोकांच्या हाती पडेल. म्हणून .३०३ सामान्य परवान्यावर मिळेना, आणि बीएसए या ब्रिटिश कंपनीनं हिंदुस्थानसाठी .३१५ बोरची रायफल काढली. बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी रायफल कारखान्यानं पुढे तोच बोर चालवला. १९०७ च्या सुमारास .४५० बोरवर बंदी आली, तेव्हा विलायतेतल्या बंदूकवाल्यांनी .४७० आणि .४६५ सारखी नवी काडतुसं काढली. जुन्या .४५० च्या मालकांपुढे नळी बदलून घेण्याचा मार्ग उरला. ज्या रायफलींना आपण आज अभिजात म्हणतो, त्यांतल्या कितीतरी कायद्याच्या रेट्यानं बदललेल्या आहेत. मग बदल झाला म्हणून रायफल बाटली, हे कुठलं सोवळं?

आता विक्रेत्यांना उत्तर. लंडनच्या एका नामांकित घराची रायफल मूल्यांकनासाठी माझ्या टेबलावर आली होती. कोरीवकाम सुरेख, ब्ल्यूइंग आरशासारखं, आणि भाव मालकाच्या तोंडून ऐकवत नव्हता. मी आधी बोल्ट काढून चेंबर रिकामं असल्याची खात्री केली. मग अक्षरांवरून बोट फिरवलं. कडा गुळगुळीत लागल्या. नव्यानं ब्ल्यूइंग करण्याआधी कुणीतरी पॉलिशच्या चाकावर अक्षरं झिजवली होती, आणि प्रूफचा, म्हणजे मजबुतीच्या चाचणीचा, ठसा जवळजवळ पुसला गेला होता. नळीचं तोंड कापून पुन्हा घासलं होतं, तेही तिरकं. चेंबरमध्ये गंधक वितळवून साचा काढला. तो नळीवर कोरलेल्या काडतुसाशी जुळेना. चेंबर मोठं केलं होतं आणि अक्षरं जुनीच ठेवली होती. त्या अक्षरांवर विश्वासून कुणी काडतूस भरलं असतं, तर पितळ फाटून गरम वायू थेट तोंडावर आला असता. नाव खरं होतं, पण त्या नावाच्या भरवशावर माणूस जायबंदी झाला असता.

आणि संग्राहकांना उत्तर. इथल्याच एका चाळीतलं कुटुंब, मूळचं कोकणातलं, आजोबांची .३१५ घेऊन आलं. दस्ता मूळचा अक्रोडाचा नव्हता, शिसवी होता. नेम धरायची पुढची माशी नवी होती. दोन जाणकारांनी भंगाराचा भाव सांगितला होता. मी दस्त्याच्या मागची लोखंडी पट्टी उघडली. आत लाकडावर पेन्सिलीनं लिहिलं होतं: दस्ता नवा, माशी नवी, नळी व चेंबर मूळ. खाली तारीख आणि दोन आद्याक्षरं. मी एकेक ओळ तपासली, प्रत्येक खरी निघाली. नळीतल्या खाचा धारदार होत्या, हेडस्पेस, म्हणजे बोल्टच्या तोंडापासून काडतूस अडतं तिथपर्यंतचं अंतर, गेजला बरोबर बसत होतं, दस्ता आणि लोखंड यांच्यामध्ये केस शिरेल एवढी फट नव्हती. मी त्या रायफलीला चांगली किंमत लावली आणि ती तेवढ्यालाच गेली. मूळ दस्ता नसल्याची उणीव त्या तीन ओळींनी भरून काढली होती.

मित्रहो, जमिनीच्या सातबाऱ्यावर प्रत्येक फेरफार नोंदला जातो. वाटणी झाली, विक्री झाली, वारस लागले, सगळं कागदावर येतं. नोंद नसलेली जमीन शहाणा माणूस घेत नाही. आणि एका बोटाच्या दाबानं जीव घेणारं यंत्र आपण ऐकीव गोष्टींवर विकत घेतो! इंग्लंडात चेंबर किंवा नळी बदलल्यानं मजबुती कमी झाली, तर शस्त्र पुन्हा लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या प्रूफघरात नेतात आणि नवा ठसा घेतात. आपल्याच ईशापूरनं १९६० च्या दशकात जुन्या लष्करी रायफलीची रचना सुधारली, पोलाद बदललं, ७.६२ चा बोर दिला, आणि ते सारं रायफलीवर नव्या नावानं ठळक कोरलं. प्रामाणिक बदल असा असतो. आपल्या कायद्यातही ओळखखूण नसलेलं शस्त्र विकायला बंदी आहे. पण कायदा क्रमांक वाचवतो. कामाची हकिकत वाचवणं आपल्या हातात आहे.

तरुण मंडळी विचारतात, घेण्याआधी काय पाहायचं? परवान्यावरचा बोर आणि क्रमांक आधी जुळवा. बोल्टवरचा क्रमांक बॉडीवरच्या क्रमांकाशी ताडून पाहा. आठ मिलिमीटर एवढंच ऐकून काडतूस घेऊ नका. .३१५ चं काडतूस कडेचं असतं, आठ मिलिमीटर मॉझरचं बिनकडेचं, आणि दोन्ही एकमेकांच्या चेंबरची नव्हेत. उलट .२७५ रिग्बी आणि सात मिलिमीटर मॉझर ही एकाच काडतुसाची दोन नावं. नळीत दिवा धरा. जुन्या काडतुसांच्या टोपीतला क्षार नळीत उरतो आणि मुंबई-कोकणच्या दमट हवेत एका पावसाळ्यात नळी गंजते. तो क्षार तेलानं निघत नाही, गरम पाण्यानं निघतो. आमचे वडीलधारे आधी पाणी आणि मग तेल वापरायचे. झाडलेलं पितळ मागून घ्या. बुडाजवळ चकाकती रेघ दिसली तर व्यवहार तिथेच थांबवा. आणि शेवटी विचारा: हे काम कुणी केलं? या प्रश्नाला उत्तर नसेल, तर किंमत उतरवा.

हा प्रश्न मी करी रोडलाच विचारतो, त्याला कारण आहे. माझा हात कानस चालवायला शिकला तो गिरणीतल्या एका फिटरकडे. इथल्या गिरण्यांमध्ये आणि परळच्या रेल्वे वर्कशॉपात टर्नर-फिटरांची अशी पिढी होती की केसाच्या जाडीचा फरक त्यांना बोटाला कळायचा. १९८२ च्या गिरणी संपानंतर गिरण्यांमधली ती पिढी विखुरली. कुणी गावी गेला, कुणी गाळ्यात लेथ टाकली. गिरणीचा शिक्का कापडाच्या प्रत्येक ताग्यावर होता. त्या फिटरचं नाव कुठेच नव्हतं. आपल्या धंद्यातही तेच झालं. विलायती घराचं नाव नळीवर राहिलं, आणि ती नळी पुन्हा सरळ चालती करणारा आपला माणूस बेनाम राहिला. याचा मला राग आहे, आणि तो मी आज इथे मांडतोय.

म्हणून माझी मागणी साधी आहे. परवानाधारक कारागिरानं केलेल्या प्रत्येक बदलाचा कागद रायफलीबरोबर जावा. त्यावर काय बदललं, कधी बदललं, कोणत्या काडतुसासाठी बदललं, आणि करणाऱ्याची सही असावी. विकणाऱ्यानं तो द्यावा, घेणाऱ्यानं मागावा. कागदाचा नमुना ठरवायला एक समिती नेमू. जुन्या कारागिरांकडून माहिती गोळा करायचं कामही तिच्याकडे सोपवू. तपशील पुढे ठरतील. ठराव मात्र आज, याच सभागृहात व्हावा. यापुढे ज्या बदललेल्या रायफलीबरोबर असा कागद नसेल, तिच्या मूल्यांकनावर मी सही करणार नाही. आपल्यातल्या प्रत्येकानं हाच नियम धरला, तर बदल लपवणाऱ्याला वर्षभरात गिऱ्हाईक मिळणार नाही. ठराव मी मांडला आहे, अनुमोदन द्यावं.