संगणकीय कचेरीतील दारे आणि कुलपे
(वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



अशा आनंदाच्या प्रसंगी एका रुक्ष विषयावर बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने मला केली आहे. विषय रुक्ष खरा, पण परका नव्हे. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरचे एखादे तरी माणूस आज कोणत्या ना कोणत्या कंपनीत नोकरीला आहे. त्याचा पगार, त्याची रजा, आजारपणात सादर केलेली डॉक्टरांची कागदपत्रे, वरिष्ठांनी त्याच्याविषयी लिहिलेला अभिप्राय, हे सारे पूर्वी लोखंडी कपाटात असे. आता ते कंपनीच्या अंतर्गत संकेतस्थळावर असते. ते कोणी पाहावे आणि कोणी पाहू नये, हे ठरते कसे? हा प्रश्न तंत्रज्ञांचा आहे असे समजून आपण तो सोडून देतो. परंतु ज्याची कागदपत्रे उघडी पडतात, तो तंत्रज्ञ असतोच असे नाही.

मी उदाहरणादाखल ‘शेअरपॉइंट’ या व्यवस्थेविषयी बोलेन, कारण माझा रोजचा संबंध तिच्याशी येतो. मायक्रोसॉफ्ट कंपनीने ती २००१ साली बाजारात आणली. तिच्या परवानगीची मूळ रचना समजण्यास सोपी आहे. स्थळाला सामान्यतः तीन गट असतात: मालक, सदस्य आणि अभ्यागत. मालकाला सर्वाधिकार, सदस्याला लिहिण्याचा अधिकार, अभ्यागताला केवळ वाचण्याचा. शिवाय परवानगी वारशाने उतरते. मुख्य स्थळाला जी परवानगी, तीच त्यातील यादीला आणि यादीतील प्रत्येक कागदाला लागू होते, जोपर्यंत कोणी हा वारसा मुद्दाम तोडीत नाही. एका यादीत असे ५०,००० पर्यंत अपवाद करता येतात, आणि ५,००० च्या पुढे जाऊ नये असा सल्ला निर्मातेच देतात. माझ्या मते माणसाच्या स्मरणशक्तीची मर्यादा याहून पुष्कळच खाली आहे. शंभर अपवाद झाले की कोणाला काय दिसते हे छातीठोकपणे सांगणारा मनुष्य त्या कचेरीत उरत नाही.

खरी गोम मात्र कंपनीने स्वतः बनवून घेतलेल्या पानांची आहे. तयार व्यवस्था प्रत्येकाच्या गरजेला पुरत नाही. यास्तव वेतनवाढीचे पान, ठेकेदारांच्या बिलांचे पान, तक्रारींचे पान अशी पाने प्रोग्रामर मंडळींकडून लिहून घेतली जातात. कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरवर चालणाऱ्या शेअरपॉइंटमध्ये अशी पाने बहुधा ‘लेआउट्स’ नावाच्या एका सामाईक फोल्डरात ठेवतात. हे फोल्डर त्या सर्व्हरवरील सर्व स्थळांना सारखेच उपलब्ध असते. ग्रंथसंग्रहातील कागदाला जसे स्वतःचे परवानगीपत्रक असते, तसे येथील पानाला नसते. पान उघडण्यास कोणता अधिकार लागेल हे लिहिणाऱ्याने पानाच्या प्रोग्राममध्येच सांगावयाचे असते. ते त्याने सांगितले नाही, तर साधा अभ्यागत म्हणून आलेल्या मनुष्यालाही ते सहसा उघडते.

आणि हे सांगावयाचेच राहून जाते. का राहते, ते पाहण्यासारखे आहे. पान तयार झाले की त्याचा दुवा फक्त अधिकाऱ्यांच्या सूचीत दिसेल अशी सोय करतात. इतरांना दुवा दिसत नाही, म्हणून सर्वांची समजूत होते की पान सुरक्षित आहे. वस्तुतः दुवा लपविणे म्हणजे दारावर पडदा सोडणे; कुलूप ते नव्हे. एका कारखान्याच्या कचेरीत मी हे स्वतः पाहिले आहे. वेतनवाढीच्या पानाचा पत्ता एका अधिकाऱ्याने सहज म्हणून एका पत्रात चिकटविला, ते पत्र पुढे पुढे गेले, आणि संध्याकाळपर्यंत तीनही पाळ्यांच्या लोकांना एकमेकांचे पगार ठाऊक झाले. पगाराचे आकडे परत झाकता येत नाहीत. तेथील दोन जुन्या सहकाऱ्यांचे बोलणे त्या दिवसापासून जे बंद झाले, ते मी ती नोकरी सोडीपर्यंत सुरू झाले नव्हते.

याहून मोठे उदाहरण अमेरिकेतील आहे. मे २०१९ मध्ये ‘फर्स्ट अमेरिकन’ या मालमत्ता-व्यवहारांच्या विमा कंपनीच्या संकेतस्थळावर सुमारे ८८ कोटी ५० लाख नोंदी उघड्या असल्याचे प्रसिद्ध झाले. कोणी कुलूप फोडले नव्हते. एका कागदाच्या पत्त्यातील आकडा बदलला की दुसऱ्याचा कागद समोर येई, आणि त्यात बँकेचे खाते क्रमांकही असत. मागणारा कोण, हे सर्व्हर विचारीतच नव्हता.

पानाला कुलूप लावले तरी काम संपत नाही. पान हे केवळ खिडकी असते. माहिती असते मागच्या यादीत. खिडकी बंद आणि यादी सर्व सदस्यांना खुली, असा प्रकार मी अनेकदा पाहतो. मग शोधाच्या चौकटीत नाव टाकताच तीच माहिती मागच्या दाराने येते. याच्या उलट प्रकारही घडतो. वापरणाऱ्याला अधिकार नाही म्हणून पान अडते; तेव्हा घाईत असलेला प्रोग्रामर ते पान व्यवस्थेच्या स्वतःच्या अधिकाराने चालवितो. अडचण दूर होते खरी. पण आता समोर कोणीही असो, पान त्याला सर्व काही दाखविते. मायक्रोसॉफ्टच्या ढगातील शेअरपॉइंटमध्ये सर्व्हरवर असे पान बसविताच येत नाही. २०१७ पासून तेथे जी नवी पद्धत आली, तिच्यात घटक वापरणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये, सामान्यतः त्याच्याच अधिकाराने चालतो. हा बदल मला फार मोलाचा वाटतो.

जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर या दोन संशोधकांनी १९७५ सालीच लिहून ठेवले आहे की, प्रत्येक वस्तूच्या प्रत्येक मागणीची तपासणी व्हावी, स्पष्ट परवानगी नसेल तेथे उत्तर नकाराचेच असावे, आणि कामापुरताच अधिकार द्यावा. त्यानंतर ४६ वर्षांनी, २०२१ मध्ये, ‘ओवास्प’ या संस्थेने संकेतस्थळांच्या धोक्यांची यादी केली, तेव्हा पहिला क्रमांक प्रवेश-नियंत्रणातील दोषांनाच मिळाला.

तपासणी अर्धवट असली म्हणजे काय होते, हे जुलै २०२५ मध्ये जगाने पाहिले. शेअरपॉइंटच्या त्याच ‘लेआउट्स’ फोल्डरातील ‘टूलपेन’ नावाचे एक पान, आणि तेही निर्मात्यांचेच! हल्लेखोर त्या पानाकडे मागणी पाठवीत आणि सोबत सांगत की, आम्ही ‘साइनआउट’च्या, म्हणजे बाहेर पडण्याच्या पानावरून आलो आहोत. बाहेर पडणाऱ्याला ओळख विचारीत नाहीत, म्हणून सर्व्हरने यांनाही विचारली नाही. आत शिरून त्यांनी सर्व्हरच्या गुप्त किल्ल्याच पळविल्या. त्यामुळे दोष दुरुस्त केल्यावरही किल्ल्या बदलल्यावाचून गत्यंतर नव्हते. कंपन्यांच्या स्वतःच्या सर्व्हरांनाच हा धोका होता. ढगातील व्यवस्था त्यातून वाचली.

आणखी एक नवी गोष्ट सांगतो. नोव्हेंबर २०२३ पासून मोठ्या कंपन्यांना ‘कोपायलट’ हा कृत्रिम बुद्धीचा मदतनीस मिळू लागला. तो परवानगी मोडीत नाही. विचारणाऱ्याला जे पाहण्याचा अधिकार आहे, तेवढ्यातूनच उत्तर देतो. पण कित्येक कचेऱ्यांत ‘सर्व कर्मचारी’ या गटाला नको तेथे अधिकार देऊन ठेवलेले असतात. पूर्वी त्या कागदापर्यंत कोणी पोहोचत नसे, कारण तो कोठे आहे हेच ठाऊक नसे. आता साध्या भाषेत प्रश्न विचारला की तो समोर येतो. विस्मरणाच्या आधाराने जे झाकले गेले होते, त्याचा तो आधार गेला.

असो. आपले मंडळ शिष्यवृत्तीचे अर्ज आणि वधूवर-सूची संगणकावर नेण्याचा विचार करीत आहे, असे चिटणीसांनी मला सांगितले. त्या अर्जांत वडिलांचे उत्पन्न असते, सूचीत मुलींच्या जन्मवेळा आणि घरचे दूरध्वनी क्रमांक असतात. म्हणून माझी विनंती अशी की, ते काम ज्याला द्याल त्याचे पान केवळ चिटणीसांच्या खात्यातून पाहून पसंत करू नये. एक साध्या सभासदाचे खाते घ्यावे, एक मंडळ सोडून गेलेल्या सभासदाचे घ्यावे, आणि चिटणीसांच्या पानाचा पूर्ण पत्ता त्या दोन्ही खात्यांतून टाकून पाहावा. पत्त्यातील आकडाही बदलून पाहावा. दोन्हीकडे नकार आला, तरच पैसे चुकते करावे. या चाचणीसाठी एक रविवार देण्यास मी तयार आहे. घरी संगणक वापरणारे दोघे-चौघे तरुण सोबत आले तर दुपारपर्यंत काम आटोपेल.