शनिवार तेली



अलिबाग, पेण, रोहा या पट्ट्यात पूर्वी तेल्यांचे दोन प्रकार सांगत. सोमवार तेली महादेवाचा वार म्हणून सोमवारी घाणा बंद ठेवायचे, तर शनिवार तेली शनिवारी. हे शनिवार तेली म्हणजे बेने इस्रायल, कोकणात शेकडो वर्षांपूर्वी स्थायिक झालेले ज्यू; शनिवार हा त्यांचा विश्रांतीचा वार. नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटलं आणि त्यातून वाचलेली सात जोडपी हे आपले पूर्वज, असं ते परंपरेनं सांगत आले.

गंमत म्हणजे या शनिवारामुळे ते गावाला परके वाटले नाहीत. आठवड्यातून एक दिवस घाणा बंद ठेवणं गावाला ठाऊकच होतं. वार तेवढा निराळा. गावगाड्यात प्रत्येक जातीचं काही ना काही वेगळं असायचंच, त्यात यांचंही एक. बाकी बोली मराठी, बायकांच्या गळ्यात मंगळसूत्र, आडनावं गावांवरून पडलेली : पेणकर, रोहेकर, किहीमचे केहिमकर. पुण्यात १८७४ साली छापलेल्या त्यांच्या वल्हांडण सणाच्या पोथीत हिब्रूच्या जोडीला मराठी आहे.

त्यांच्या नववर्षाचा चिकाचा हलवा घ्या. गहू भिजवून, वाटून, गाळून चीक काढायचा. त्यात नारळाचं दूध आणि साखर घालून हात भरून येईपर्यंत ढवळायचं आणि ताटात थापून वड्या पाडायच्या. पदार्थ अस्सल कोकणी. पण गाईम्हशीचं दूध त्यात नाही, कारण मांसाच्या जेवणाबरोबर ते चालत नाही, हा ज्यू धर्माचा नियम. तो नियम पाळणं इथे नारळामुळे सोपं झालं. या वडीतलं कोकणी किती आणि ज्यू किती, हे कोण सांगणार?

शेजाऱ्यांकडून त्यांनी नको ते भेदही उचलले. त्यांच्यात ‘गोरे’ आणि ‘काळे’ असे गट पडले आणि बेटीव्यवहार अडला.

१९४८ नंतर हजारो बेने इस्रायल इस्रायलला गेले. धर्मबंधूंच्या देशात आपण सहज मिसळून जाऊ, ही अपेक्षा. पण १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या धर्मपीठानं, यांची लग्नं लावण्यापूर्वी आईच्या आणि आजीच्या कुळाची चौकशी करा, असा आदेश काढला. ज्यांना गावानं शनिवारावरून ओळखलं, त्यांना आता ज्यू असल्याचा पुरावा मागितला गेला. लोक रस्त्यावर उतरले, आणि १९६४ साली सरकारला त्यांच्या बाजूनं उभं राहावं लागलं.

त्याच देशात त्यांनी ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. प्रेषित एलियाच्या नावानं होणारा मलिदा तिथेही होत राहिला. भिजवलेले पोहे, गूळ, खोवलेलं खोबरं. अलिबागेत ज्याच्याकडे कुणी वळूनही पाहिलं नसतं असं ते ताट, तिथे भारतीय ज्यूंची खूण ठरलं. माणसं तीच, पोहे तेच. शेजार बदलला आणि कालचं सारखेपण आजचं वेगळेपण झालं.

यातून मला एक गोष्ट दिसते. अंतरावरच्याचं वेगळेपण आपण चालवून घेतो. आपल्यातल्याचं मात्र खुपतं. कोकणातल्या गावानं यांना सामावलं ते काही फार मोठ्या मनानं नव्हे. तिथे प्रत्येकजण आपापल्या पंक्तीत आणि अंतर राखून होता, म्हणून शनिवार कुणाच्या आड आला नाही. जिथे सगळे एक म्हणून जमले, तिथे ‘एक’ म्हणजे नेमकं कसं, हे ठरवायची घाई झाली आणि कुळाची चौकशी सुरू झाली.

तेव्हा ‘आपण सगळे एकच’ असं कुणी म्हणालं, की आनंद जरूर मानावा. पण त्या ‘एकच’चं माप कुणाच्या अंगावरून घेतलंय, तेही लगेच विचारून घ्यावं.