हरणं आणि बंद होणं
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



परभणीत आपण खेळलो ते क्रिकेट आणि कबड्डी. फुटबॉलचं वेड मला नोकरीसाठी मुंबईला गेल्यावर लागलं. कूपरेजवर महिंद्रा युनायटेडचे सामने बघायचो. २००५-०६ मध्ये त्यांनी राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये तो संघच बंद झाला. घरातलं माणूस गेल्यासारखं वाटलं. पुन्हा कुठल्या संघात जीव गुंतवायचा नाही, असं ठरवलं.

२०१४ मध्ये मुंबई सिटी आला आणि माझा निश्चय मोडला. पहिल्याच वर्षी आठ संघांत सातवा! २०१५ मध्ये गोव्यात, फातोर्ड्याच्या मैदानावर ७-० ने हरलो. ऑफिसात लोक हसायचे. तरी पुढच्या सामन्याला मी गेलोच.

१३ मार्च २०२१. त्याच फातोर्ड्याला अंतिम सामना. कोरोनामुळे प्रेक्षक नव्हते. मी घरी टीव्हीसमोर. १-१ अशी बरोबरी असताना ९०व्या मिनिटाला बिपिन सिंगने गोल केला. एटीके मोहन बागानला हरवून आम्ही विजेते झालो! डोळ्यांत पाणी आलं.

संघ हरल्याने संपत नाही, बंद झाल्यावर संपतो.

मागच्या मेळाव्याला आपण मोजकेच आलो, तेव्हा "आता कशाला भरवायचा?" असं मीच म्हणालो होतो. माझं चुकलं. पुढच्या मेळाव्याची तारीख आजच ठरवा. कितीही जण येवोत, मी तपोवनचं तिकीट काढतो.