कॅमेरा सगळ्यात शेवटी

आज तळवड्यातून बोलतोय. कॉलेजच्या गॅदरिंगसाठी म्युझिक व्हिडिओ करायचाय. मित्राचं रॅप आहे, त्याच्या आईच्या फर्स्ट शिफ्टवर. आणि आमची पहिली आयडिया काय? आयटी पार्कवर ड्रोन, गॉगल, मागून आणलेली बाईक! त्यात आई कुठेच नाही.

मग शेजारचं देहू आठवलं. प्रभातच्या १९३६ च्या ‘संत तुकाराम’साठी शांताराम आठवल्यांनी एक अभंग लिहिला. तो कित्येकांना तुकोबांचाच वाटला! म्हणजे आधी माणूस नीट समजून घ्यायचा.

म्हणून एका पहाटे काकूंसोबत बसस्टॉपपर्यंत चाललो. शूटिंग नाही, नुसतं बघणं. डबा, चेहऱ्यावर ओढणी, घड्याळाकडे लक्ष. विचारलं, “काय दाखवू नको?” म्हणाल्या, “बिचारी दाखवू नका रे.”

आता हिशोब. गाणं तीन मिनिटांचं, म्हणजे १८० सेकंद. एक शॉट चार सेकंदांचा धरला तर ४५ शॉट. वहीत ४५ ओळी. प्रत्येकीपुढे जागा, वेळ, परवानगी. कंपनीच्या आत परवानगी नाही मिळाली, तर तिथे गेट बंद होतानाचा नुसता आवाज.

२३ ओळी भरल्यात. बाकीच्या काकूंना विचारून. तुमची वही कुठवर आलीय? कळवा!