रात्रपाळीचा डॉक्टर

(रामवाडी येथे पालक व विद्यार्थी यांच्यापुढे केलेले भाषण)



माझी ओळख करून देताना माझ्या मार्कांचा उल्लेख झाला, पदवीचा झाला, टाळ्याही पडल्या. ‘अमक्याचा मुलगा डॉक्टर झाला’ ही बातमी मोहल्ल्यात एका दिवसात घरोघर पोहोचते. पण दुसऱ्या दिवसापासून तो काय करतो, हे सहसा कोणी विचारीत नाही. माझ्या आईलासुद्धा वाटते की मी खुर्चीवर बसून नाडी पाहतो! म्हणून आज तेच सांगावयाचे ठरविले आहे.

सरकारी रुग्णालयात सकाळी सुरू झालेली ड्यूटी संध्याकाळी संपेलच असे नाही. वॉर्डातली फेरी, केस पेपर, रक्ताच्या चिठ्ठ्या. आणि एका खाटेपाशी उभे असताना दुसऱ्या खाटेचे नातेवाईक बाही ओढीत असतात. घरून आलेला डबा पुष्कळदा तसाच परत जातो. ही तक्रार नव्हे. भुकेची आणि जागरणाची सवय होते. रात्री दोन वाजता एकट्याने निर्णय घेण्याची मात्र होत नाही.

नोकरीच्या पहिल्याच वर्षातली गोष्ट सांगतो. भाताचा पेंढा रचताना विंचू चावलेला एक तरुण रात्री आणला गेला. तो ओरडत होता. मी वेदना थांबविण्याचे इंजेक्शन दिले. ओरडणे थांबले तसा मी मनातून खूश झालो आणि दुसऱ्या रुग्णाकडे वळलो. थोड्या वेळाने वयस्कर सिस्टर जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, “डॉक्टर, जरा पाय बघता का त्याचे?” पाय बर्फासारखे गार पडले होते. घामाने चादर भिजली होती, दोन वेळा उलटीही झाली होती. विंचवाच्या विषावरचे पान परीक्षेसाठी मी पाठ केले होते, त्यावर मार्कही मिळविले होते. परंतु समोरचा माणूस मी पाहिलाच नव्हता. पुढचे उपचार वेळेवर झाले, तो तरुण वाचला. केस पेपरवर सही माझी आहे. सिस्टरांचे नाव त्यावर कोठेही नाही.

मी पाठ केलेले ते पान मुळात कोठे लिहिले गेले, हे पुढे वाचले तेव्हा मला नवल वाटले. ते आपल्याच जिल्ह्यात लिहिले गेले. येथून नागोठणे, कोलाड, माणगाव करीत महाडला जावे आणि तेथून आत वळले की बिरवाडी. १९७६ साली तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर नावाचे एक तरुण डॉक्टर रुजू झाले. आपला जिल्हा तेव्हा कुलाबा म्हणून ओळखला जाई. आज जालना जिल्ह्यात असलेल्या देहेड गावचा हा मुलगा, गरिबीत मोलमजुरी करीत शिकलेला. लाल विंचू चावलेली माणसे त्यांच्यापुढे येत आणि डोळ्यांदेखत दगावत. हाताशी मोठी यंत्रे नव्हती. मग ते खाटेजवळ बसून राहिले. घाम कधी सुटतो, हातपाय कधी गार पडतात, नाडी आणि रक्तदाब कसे बदलतात, श्वास कधी लागतो, हे सारे लिहून ठेवू लागले. विषामुळे रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदयावर भार पडतो आणि फुप्फुसांत पाणी भरून माणूस जातो, हे त्या टिपणांतून उलगडत गेले. १९८२ साली लंडनच्या ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्यांचे निरीक्षण छापून आले.

पुण्याला एम.डी. करून ते पुन्हा याच मुलखात परतले. रक्तदाबासाठी वापरात असलेली प्राझोसिनची साधी गोळी त्यांनी या रुग्णांना देऊन पाहिली. आवळलेल्या रक्तवाहिन्या तिने सैल होतात. १९८६ साली तेही ‘लॅन्सेट’मध्ये आले. त्यांच्या लेखांतील आकड्यांप्रमाणे, पूर्वी विष अंगभर भिनलेल्या रुग्णांपैकी शेकडा २५ ते ३० दगावत, ते प्रमाण प्राझोसिननंतर शेकडा एकाच्या आसपास आले. प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष दिल्यास रुग्ण अधिक लवकर सावरतो, हे त्यांनीच २०११ साली दाखविले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आपण मुलांना पद्मश्रीचे सांगतो. ती वही सांगायची राहून जाते.

पालकांना एक स्पष्ट विनंती आहे. जळणाची मोळी, चिऱ्यांची रास, पेंढा हलविताना विंचू चावला आणि घाम, उलटी, गार हातपाय अशी लक्षणे दिसली, तर उताऱ्यासाठी थांबू नका. लहान मूल असेल तर लक्षणांचीही वाट पाहू नका. दुखणे थांबले म्हणून घरी झोपवू नका. माझ्यासारख्या शिकलेल्यानेही तीच चूक केली होती. आणि रुग्णालयात आल्यावर किती वाजता चावला, घरी काय दिले, हे खरे सांगा. रागावण्याच्या भीतीने लोक वेळ लपवितात. आम्ही रागावतो, ही आमचीही चूक आहे.

विद्यार्थ्यांपैकी कोणी नीटच्या परीक्षेविषयी विचारणार असतील, तर त्यांनी खाली येऊन भेटावे, मला ठाऊक आहे ते सांगेन. मात्र थोडी घाई करा. आज माझी रात्रपाळी आहे आणि रामवाडीहून सुटणारी एस.टी. माझ्यासाठी थांबणार नाही.