भाट्यात आपले स्वागत असो



काजळी नदी जिथे समुद्राला मिळते, त्या आमच्या भाट्यात आपले मनःपूर्वक स्वागत. सुरूचे बन, झरी विनायक आणि खाडीपलीकडचा राजिवडा आपण येताना पाहिलाच असेल.

‘असे झाले असते तर?’ या प्रश्नाचे हे साहित्य संमेलन. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेने तो मराठी वाचकाच्या मनात रुजवला. यंदाचा विषय क्रुसेडचे लढवय्ये. १३१२ मध्ये पोपने क्रुसेडमधला लढवय्या टेम्पलर पंथ बरखास्त केला; पोर्तुगालच्या राजाने १३१९ मध्ये त्यांच्या मालमत्तेवर ‘ऑर्डर ऑफ ख्राइस्ट’ उभी केली. तिचाच तांबडा क्रूस शिडांवर मिरवत पोर्तुगीज आपल्या किनाऱ्याला लागले. १५०८ च्या डिसेंबरअखेर पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाने आपल्याच जिल्ह्यातले दाभोळ लुटून जाळले आणि तो दीवकडे निघून गेला. १५१० मध्ये पोर्तुगीज सेनानी आल्बुकर्कने गोवा घेतला. आल्मेदाने दाभोळातच ठाण मांडले असते तर? उत्तर विद्वान देतीलच.

मला मात्र आमच्या प्रादेशिक नारळ संशोधन केंद्राविषयी बोलल्यावाचून राहवत नाही. १९५५ पासून ते भाट्याचे भूषण आहे. ‘कोकण भाट्ये कोकोनट हायब्रीड १’ या वाणाने गावाचे नाव बागायतदारांत नेले. इथली लाखी बाग तर पाहावीच. साडेसात मीटरवर नारळ, चार माडांच्या मध्यभागी जायफळ, दोन माडांमध्ये दालचिनी आणि बुंध्यावर चढलेला काळ्या मिरीचा वेल. ज्या मसाल्यांसाठी पोर्तुगीज गलबते आफ्रिकेला वळसा घालून आली, ते आज आमच्या वाळूत, आमच्या शास्त्रज्ञांच्या आणि मजुरांच्या कष्टावर पिकतात. याचा मला फार अभिमान आहे.

या संमेलनासाठी बागायतदारांनी शहाळी दिली, राजिवड्याच्या मच्छीमार बांधवांनी मासळी दिली, बचत गटाच्या भगिनींनी पहाटे उठून मोदक वळले, ग्रामस्थांनी घरे मोकळी केली. सर्वांचे ऋण मी मानतो. मंडप अपुरा पडला, काहींना दाटीने झोपावे लागले, रात्री वीज दोनदा गेली. पाण्याचा टँकर येतो की नाही, याचीही आम्हाला धास्ती होती. उणिवांबद्दल मी हात जोडून क्षमा मागतो.

एकच विनंती. किनाऱ्यावर जरूर फिरा, पण भरतीच्या वेळी पाण्यात उतरू नका. आणि लाखी बाग पाहिल्याशिवाय परतीची गाडी धरू नका.